करिअर पुरवणीत राहून गेलेला मास्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालाच्या तोंडावर तुम्ही जी करिअरची पुरवणी काढता ती मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, रिटायर झालो तरी वाचतो, कारण गल्लीतली पोरं अजून विचारायला येतात की सर खेळात काय करता येईल. यंदा खेळाचं अख्खं पान होतं, बघून बरं वाटलं. कोच होता, फिजिओ होता, जिम ट्रेनर होता, डाएटिशियन, स्पोर्ट्स मॅनेजमेंट, अगदी कॉमेंट्रीसुद्धा होती. पण एक माणूस त्यात नव्हता आणि त्याच्यासाठीच हे पत्र लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण मधला भाग ठेवा ही विनंती.

तो माणूस म्हणजे युनिव्हर्सिटीत अॅथलेटिक ट्रेनिंग शिकवणारा मास्तर. आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की डोळ्यासमोर जिममधला डंबेल उचलायला लावणारा मुलगा येतो. अमेरिकेत अॅथलेटिक ट्रेनर हा वेगळाच प्राणी आहे. खेळाडू पडला की मैदानात सगळ्यात आधी जो पळत जातो तो हा. घोटा मुरगळला, खांदा निखळला, डोक्याला मार लागला, ऊन लागलं, हृदय बंद पडलं, पहिली पाच मिनिटं याची. नंतर डॉक्टर, नंतर हॉस्पिटल, आणि बरा झाल्यावर त्याला परत मैदानात कधी उतरवायचं हे ठरवण्यातपण हाच असतो. तो डॉक्टर नाही, कोच नाही आणि आपल्या अर्थाने फिजिओपण नाही. आणि असली माणसं तयार करणारे प्राध्यापक तिकडे असतात, त्यांचं आयुष्यच त्यात जातं. माझी सख्खी भाची त्यातली एक आहे म्हणून मला हे जवळून माहिती, पण तिच्याबद्दल नंतर, आधी मला हे एवढं का लागलंय ते सांगतो.

१९९७ चा ऑक्टोबर. मी तेव्हा एका तालुक्याच्या कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो, आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीला पोरं घेऊन गेलो होतो, बारा किलोमीटर. स्पर्धेची वेळ सकाळी साडेसहाची, पण उद्घाटनाचे पाहुणे यायचे होते. पोरं चड्डी-बनियनवर उभी. पाहुणे आले सव्वानऊला, सत्कार झाले, भाषणं झाली, नारळ फुटला आणि झेंडा पडला तेव्हा दहाला पाच कमी होते. ऑक्टोबरचं ऊन कसलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. माझा एक पोरगा, आईबाप ऊसतोडीला जायचे, अनवाणी प्रॅक्टिस करून वर आलेला, तो पहिल्या तिघांत पळत होता. शेवटचा किलोमीटर राहिला आणि तो रस्ता सोडून बाजूच्या ज्वारीत शिरला. मी ओरडलो, अरे इकडे इकडे, तर त्याने माझ्याकडे बघितलं आणि शिवी दिली. ज्या पोराने दोन वर्षांत माझ्यासमोर कधी मान वर केली नव्हती त्याने. मला राग आला, खरं सांगतो, मला वाटलं डोक्यात हवा गेली याच्या. फिनिशच्या अलीकडे तो पडला. उचलायला गेलो तर हात झटकतोय, अंगावर येतोय, बहिणीला हाका मारतोय. अंग घामाने निथळत होतं.

तिथे आम्ही सात-आठ क्रीडा शिक्षक होतो, सगळे बी.पी.एड., एम.पी.एड. झालेले. एक म्हणाला घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही, पित्त झालंय. एकाने कांदा फोडून नाकाला लावला. एकाने तोंडात ग्लुकोजचं पाणी ओतायला घेतलं, ते त्याच्या नाकातून बाहेर आलं. मग जीप शोधली, जीप होती पण चावी ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. हॉस्पिटल गाठायला एकूण पन्नास मिनिटं लागली, मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसलो होतो आणि रुमाल ओला करून कपाळावर ठेवत होतो, ठेवला की कोमट व्हायचा. पोरगं वाचलं. किडनी बंद पडली होती, डायलिसिस झालं, लिव्हरलाही मार बसला, बरेच दिवस दवाखान्यात होता. पण तो परत कधी पळाला नाही. आणि मला जे आजही झोपेतून उठवतं ते वेगळंच आहे. मांडवात पाहुण्यांच्या कोल्ड्रिंकसाठी बर्फाच्या दोन लाद्या भुशात घालून ठेवलेल्या होत्या. पोरगा पडला तिथून तीस पावलांवर. शेजारी पाण्याचा टँकर उभा होता. आमच्यापैकी एकालाही कळलं नाही की औषध समोर ठेवलेलं आहे.

आता अमेरिकेतली गोष्ट, आमच्या त्या क्रॉस कंट्रीच्या बरोबर बारा वर्षं आधीची. १९८५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एम्पायर स्टेट गेम्स नावाच्या स्पर्धा चालल्या होत्या. डग्लस कासा नावाचा सोळा वर्षांचा पोरगा दहा हजार मीटर पळत होता, कडक ऊन, शेवटच्या लॅपमध्ये तो कोसळला, उठला, परत पळायला लागला आणि परत कोसळला. उष्माघातच, अगदी माझ्या पोरासारखा. फरक एवढाच की तिथे मैदानाच्या कडेला केंट स्क्रायबर नावाचा अॅथलेटिक ट्रेनर होता, त्याने ओळखलं की हे काय आहे आणि तिथल्या तिथे उपचार चालू केले. कासा कित्येक तास बेशुद्ध होता पण वाचला, आणि नुसता वाचला नाही तर धडधाकट झाला. आणि हा स्क्रायबर कोण, तर इथाका कॉलेजात अॅथलेटिक ट्रेनिंग शिकवणारा मास्तर. वर्गात जे शिकवायचं तेच त्याने त्या दिवशी मैदानात केलं.

कासाने पुढे काय केलं? आधी बायोलॉजीची डिग्री घेतली, मग फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत अॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स, मग कनेक्टिकट युनिव्हर्सिटीत पीएच.डी., आणि १९९९ पासून तो त्याच कनेक्टिकटमध्ये शिकवतो. तिथल्या अॅथलेटिक ट्रेनिंगच्या शिक्षणाची जबाबदारी त्याने बरीच वर्षं सांभाळली. ज्या दुखण्याने आपण मरणार होतो तेच दुखणं त्याने जन्मभराचा विषय म्हणून घेतलं. भाचीने ही गोष्ट पहिल्यांदा फोनवर सांगितली तेव्हा मला काही वेळ बोलताच येईना, तिला वाटलं रेंज गेली.

मग मी तिच्या मागेच लागलो की हा प्रकार तिकडे उभा कसा राहिला ते सांग. लोकांना वाटतं अमेरिका आहे म्हणून सगळं आयतं असणार. तसं नाहीये. त्यांची नॅशनल अॅथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन १९५० मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झाली, तोपर्यंत ट्रेनर म्हणजे मालिश करणारा, पट्ट्या बांधणारा, पाण्याची बादली नेणारा माणूस, आपल्या तालमीतल्या वस्तादाच्या हाताखालचा जसा असतो तसा. पर्ड्यू युनिव्हर्सिटीत विल्यम नेवेल म्हणून एक ट्रेनर होता, सगळे त्याला पिंकी म्हणायचे, तो धरून बसला की याचं शिक्षण कॉलेजात झालं पाहिजे, अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी शिकल्याशिवाय कुणी कुणाच्या गुडघ्याला हात लावायचा नाही. १९५५ ते १९६८ तो संघटनेचा कारभार बघत होता, १९५९ मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा मंजूर झाला. आणि आराखडा झाल्यावर प्रत्यक्षात पहिल्या चार युनिव्हर्सिट्यांच्या कोर्सला मान्यता मिळायला १९६९ उजाडलं. दहा वर्षं! त्या चार म्हणजे इंडियाना स्टेट, लमार, न्यू मेक्सिको आणि मिनेसोटातली मॅन्काटो. हे मॅन्काटो नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हा आरोग्यसेवेतला व्यवसाय आहे असं मानलं ते १९९० मध्ये, म्हणजे संघटना निघाल्यावर चाळीस वर्षांनी.

बायकांचं तर आणखी वेगळं. संघटनेत पहिली बाई सभासद झाली १९६६ मध्ये, आणि अध्यक्षपदावर पहिली बाई बसली २००० मध्ये, ज्युली मॅक्स, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनची. आज सभासदांत अर्ध्याहून जास्त बायका आहेत. माझ्या भाचीला तिकडे कुणी बाई असून फुटबॉलच्या (त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत खेळतात तो) ड्रेसिंग रूममध्ये कशाला असं विचारत नाही, त्यामागे या बायका आहेत.

तर मॅन्काटो. २००१ साली जुलैच्या शेवटी मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक फुटबॉल टीमचा सराव मॅन्काटोत चालला होता, त्यांचं शिबिर दर वर्षी तिथेच असायचं. कोरी स्ट्रिंगर नावाचा सत्तावीस वर्षांचा धिप्पाड खेळाडू, तीनशे पाउंडांच्या वर वजन, उन्हात सराव करताना कोसळला. हॉस्पिटलात पोचला तेव्हा ताप १०८ च्या वर होता. १ ऑगस्टला पहाटे गेला. ज्या गावातल्या कोर्सला पहिल्या चारांत मान्यता मिळाली त्याच गावात. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, मला तो अधिकारही नाही. मी एवढंच म्हणतो की इतकं शिक्षण असलेल्या देशात, इतका पैसा असलेल्या खेळात हे होऊ शकतं, तर या विषयाला शिकवणारा माणूस किती लागतो ते बघा. त्याच्या बायकोने, केल्सीने, आणि कासाने मिळून २०१० मध्ये कनेक्टिकट युनिव्हर्सिटीत कोरी स्ट्रिंगर इन्स्टिट्यूट काढली, फुटबॉल लीगनेही साथ दिली. कासा तिचा प्रमुख.

या लोकांनी काय शोधलं आणि काय शिकवलं ते थोडं तरी छापा, कारण हे प्रत्येक गावात उपयोगाचं आहे. पळणाऱ्या माणसाला होणारा उष्माघात आणि उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला होणारा उष्माघात यात फरक आहे. पळणाऱ्याच्या अंगातली उष्णता त्याचे स्नायूच तयार करतात, त्यामुळे अंग घामाने चिंब असतानाही आतला ताप १०४-१०५ च्या वर गेलेला असू शकतो. घाम येतोय म्हणजे ऊन लागलं नाही हे आमचं जे शास्त्र होतं ते साफ चुकीचं होतं. माणूस विचित्र वागायला लागला, भांडायला लागला, ओळखीच्या माणसाला ओळखेना, शिव्या द्यायला लागला की समजायचं मेंदूला ताप पोचला. म्हणजे मला ज्याचा राग आला होता तेच लक्षण होतं. आणि त्याला आधी गार करायचं, मग हलवायचं. हे त्यांचं मुख्य वाक्य, आधी गार मग अँब्युलन्स. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, पाणी हलवत राहायचं, डोकं वर धरून ठेवायचं, आतला ताप १०२ च्या आसपास आला की बाहेर काढायचं आणि मग हॉस्पिटलला न्यायचं. पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ताप १०४ च्या खाली आला पाहिजे. मॅसॅच्युसेट्समध्ये फॅल्मथ गावात दर ऑगस्टला सात मैलांची रोड रेस असते, तिथे फिनिशलाच बर्फाच्या पाण्याचे टब तयार ठेवतात, अठरा वर्षांत उष्माघाताच्या २७४ केसेस झाल्या आणि २७४ च्या २७४ माणसं जगली. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, कासा त्यात होता. मी हा आकडा कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

आता भाचीबद्दल. तिने पुण्यात फिजिओथेरपी केली, मग तिकडे दोन वर्षांचं मास्टर्स. नंतर बोर्डाची, म्हणजे अॅथलेटिक ट्रेनरचं प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा, ती पास झाल्याशिवाय नावापुढे काही लावता येत नाही. पूर्वी तिकडे कोर्स न करताही पंधराशे तास कुणा अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली उमेदवारी करून परीक्षेला बसता यायचं, २००४ पासून ते बंद केलं. नंतर २०१५ मध्ये ठरवलं की आता या व्यवसायात यायचं तर मास्टर्सच पाहिजे, २०२२ नंतर बॅचलरच्या कोर्सला नवीन प्रवेश बंद. त्यामुळे कितीतरी कॉलेजांनी आपले कोर्स गुंडाळले, ज्यांनी चालू ठेवले तिथल्या मास्तर लोकांनी सगळा अभ्यासक्रम नव्याने बांधला. भाची नेमकी त्या धांदलीत नोकरीला लागली.

पास झाल्या झाल्या कुणी प्राध्यापक होत नाही हे मला फार आवडलं. ती आधी तीन वर्षं एका हायस्कूलमध्ये होती, दुपारी दोनला ग्राउंडवर जायचं ते रात्री मॅच संपून शेवटचं पोर आईबापाच्या गाडीत बसेपर्यंत. शनिवार नाही रविवार नाही. त्यानंतर नोकरी करत करत डॉक्टरेट, आणि मग असिस्टंट प्रोफेसर. आता तिच्याकडे मुलांच्या प्रत्यक्ष कामाची सगळी व्यवस्था आहे, म्हणजे कुठला विद्यार्थी कुठल्या हायस्कूलला, कुठल्या कॉलेज टीमला, कुठल्या दवाखान्यात कोणाच्या हाताखाली किती आठवडे, हे सगळं ती ठरवते आणि ज्यांच्या हाताखाली पाठवते त्या माणसांनाही कसं शिकवायचं ते शिकवते. शिवाय वर्गात तास, शिवाय संशोधन, शिवाय मान्यता देणाऱ्या मंडळाचे अहवाल, तेही साधेसुधे नाहीत, शेकडो पानं. पहिल्या फटक्यात बोर्डाची परीक्षा पास होणाऱ्यांचं प्रमाण तीन वर्षांचं मिळून सत्तर टक्क्यांच्या खाली गेलं तर कोर्सला जाब विचारतात. तिला मी म्हटलं, अगं मग तू पोरांचा पेपर तपासतेस का पोरं तुझा? ती म्हणाली, मामा तू बरोबर बोललास, दोघं एकमेकांचा.

गेल्या वर्षी मी तिच्याकडे दोन महिने होतो, तेव्हा एक दिवस तिच्या प्रॅक्टिकलला मागे खुर्ची टाकून बसलो. आतला ताप बरोबर मोजायचा तर गुदद्वारातून मोजावा लागतो, तोंडातला, काखेतला, कपाळावरचा, कानातला कुठलाच आकडा पळून आलेल्या माणसाच्या बाबतीत खरा नसतो. हे शिकवायला तिच्याकडे रबरी पुतळा होता. बावीस-तेवीस वर्षांची पोरं-पोरी, लाजत होती, एक मुलगा हसला. ती त्याला ओरडली नाही. तिने त्यालाच पुढे बोलावलं आणि म्हणाली, समजा हा तुझा मित्र आहे, बेशुद्धीत आहे, आजूबाजूला शंभर लोक मोबाईल काढून उभे आहेत, तू काय करशील? आणि मग तिने दाखवलं. चादर कशी धरायची, दोघांनी पाठ करून आडोसा कसा करायचा, बेशुद्ध असला तरी त्याला नावाने हाक मारून आपण काय करतोय ते कसं सांगायचं, थर्मामीटरची वायर किती आत गेली पाहिजे, ती टबात बसवतानाही तशीच कशी राहू द्यायची. त्या मुलाकडून तिने ते पाच वेळा करून घेतलं. पाचव्या वेळी तो पुतळ्याशी इतक्या मऊ आवाजात बोलत होता की मी खिडकीकडे तोंड केलं.

तास संपल्यावर टब धुऊन ठेवला, फरशी पुसली, पोरांबरोबर तीपण पुसत होती. मी विचारलं एवढं शिकवून यातल्या किती जणांना आयुष्यात खरोखर ही वेळ येईल. ती म्हणाली बऱ्याच जणांना कधीच नाही येणार, पण ज्याला येईल त्याच्याकडे पुस्तक उघडायला वेळ नसेल.

२ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत फुटबॉलच्या मॅचमध्ये डमार हॅमलिन नावाचा चोवीस वर्षांचा खेळाडू टक्कर होऊन उठला आणि पडला, हृदय बंद. त्याला मैदानावर सीपीआर देणारा, म्हणजे छाती दाबून जीव वाचवणारा, डेनी केलिंग्टन, टीमचा असिस्टंट अॅथलेटिक ट्रेनर. लाखो लोक टीव्हीवर बघत होते. हॅमलिन जगला, परत खेळला. आपल्याकडच्या पेपरांतही बातमी आली होती, काही ठिकाणी केलिंग्टनला फिजिओ म्हटलं, काही ठिकाणी मेडिकल स्टाफ म्हटलं. माझ्या मनात आलं की या माणसाला कुणीतरी कुठल्यातरी वर्गात पुतळ्याच्या छातीवर हात कसा ठेवायचा, कोपर कसं ताठ ठेवायचं ते शिकवलं असणार, चुकला तर परत करायला लावलं असणार. त्या मास्तरचं नाव कुठल्याच बातमीत नव्हतं, त्याला त्याचं दुःखही नसेल.

आता आपल्याकडे या. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलिस भरतीला पाच किलोमीटर पळताना तरुण पोरं दगावली हे तुमच्या वाचकांना आठवत असेल, नंतर अंतर कमी केलं. अंतर कमी केलं ते बरंच झालं. पण पोरं आजही भरतीसाठी मे महिन्यात डांबरी रस्त्यावर पळतात, तालुक्यातालुक्यात अकॅडम्या आहेत, प्रत्येक शहरात मॅरेथॉन निघाल्यात, कबड्डी मॅटवर आली, खोखो मॅटवर आला, पोरांचा वेग वाढला, मार वाढला. आणि मैदानाच्या कडेला उभा राहणारा शिकलेला माणूस कुठाय? आमच्या बी.पी.एड.ला प्रथमोपचार होता, त्यात झोळी बांधायला आणि बँडेज गुंडाळायला शिकलो, त्रिकोणी पट्टीचे प्रकार मला अजून पाठ आहेत. आपल्याकडे फिजिओ चांगले आहेत, तिकडेही आपल्या पोरी नाव काढतात, पण फिजिओ बहुतेक करून दवाखान्यात भेटतो, पडल्यानंतर आठ दिवसांनी. पहिल्या पाच मिनिटांचं शिक्षण कोण देतं?

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या विद्यापीठांत शारीरिक शिक्षणाचे विभाग आहेत, फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, या दोघांच्या मध्ये हा एक मास्तर बसवा. एक पद, एक कोर्स. लगेच अमेरिकेसारखं होणार नाही हे मलाही कळतं, त्यांना आराखड्यापासून पहिल्या वर्गापर्यंत दहा वर्षं लागली, आपल्याला पंधरा लागतील, पण सुरुवात तर झाली पाहिजे ना. आणि ज्या मुला-मुलीला खेळात राहायचंय पण मेडल मिळण्याइतका वेग नाही, ज्याला बायोलॉजी आवडतं, ज्याला दुसऱ्याला शिकवायला आवडतं, त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं आयुष्य मला तरी दिसत नाही. पैसा? भाची म्हणते पैशासाठी या धंद्यात कुणी येऊ नये, विशेषतः सुरुवातीची वर्षं तास खूप आणि पगार बेताचा. हेही पुरवणीत लिहा, पोरांना खोटं स्वप्न नको.

मी स्वतः आता काय करतो ते सांगून थांबतो. माझा एक जुना विद्यार्थी आमच्या गावात भरतीची अकॅडमी चालवतो, त्याच्याकडे पहाटे साठ-सत्तर पोरं असतात. टब घ्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत. भाचीने सांगितलं टब नसला तरी ताडपत्री चालते, तिकडेपण करतात. ताडपत्रीवर माणसाला झोपवायचं, सहा-सात जणांनी कडा उचलून धरायच्या म्हणजे मध्ये खोलगट होतं, त्यात बर्फ आणि पाणी ओतायचं आणि कडा हलवत राहायचं म्हणजे पाणी फिरतं. ताडपत्री तर आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात आहे. मार्चपासून आम्ही बर्फ कारखान्यातून रोज एक लादी आणतो, फोडून दोन थर्माकोलच्या पेट्यांत भरतो, शेजारी पाण्याचे ड्रम. दर सोमवारी पळून झालं की एका पोराला ताडपत्रीवर झोपवायचं आणि बाकीच्यांनी करून दाखवायचं, भाची तिकडून व्हिडिओ कॉलवर बघते, तिच्याकडे तेव्हा रात्र असते. पहिल्या वेळी पोरांना साडेचार मिनिटं लागली, ड्रमचं झाकणच निघेना. ती म्हणाली परत करा. आता दीड मिनिटात होतं. यावर्षी अजून तरी कुणाला खरं लागलेलं नाही.

१९९७ चा तो पोरगा आता चाळिशी ओलांडून गेलाय, त्याचं गावात किराणा दुकान आहे. पथ्यं आहेत त्याला, उन्हात जास्त फिरत नाही. मागच्या महिन्यात तो पहाटे ग्राउंडवर आला होता, त्याचा मुलगा त्याच अकॅडमीत आहे. तो बराच वेळ ताडपत्रीकडे बघत उभा राहिला, काही बोलला नाही, मग पुढे होऊन त्याने एक कड धरली.

पुढच्या वर्षीच्या पुरवणीत या कामासाठी चार ओळी ठेवता आल्या तर बघा. कुणा मुलाला-मुलीला याबद्दल विचारायचं असेल तर भाचीने बोलायला होकार दिलाय, तिचा संपर्क मी तुमच्या कचेरीत देऊन ठेवतो. आणि एप्रिल-मेमध्ये ताडपत्रीची रीत एका चौकटीत छापलीत तर मी स्वतः येऊन समजावून सांगायला तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडा शिक्षक,
सातारा जिल्हा